बाकी चारशे

३८६६४१११७२६२.

पडद्यावर ही संख्या उमटली आणि तिच्याखाली तांबड्या अक्षरांत एक ओळ आली : 'संख्या नियमात बसत नाही. स्वीकारता येत नाही.'

मृण्मयी तांडेल तेव्हा समुद्रिका जहाजाच्या ऐकण्याच्या खोलीत बसून पोहे खात होती. तिने बशी खाली ठेवली.

"कर्णिका, म्हणजे काय झालं?"

कर्णिका हे जहाजावरच्या ऐकणाऱ्या यंत्रणेचे नाव. जहाजाच्या तळाला लावलेल्या ध्वनिग्राहकांनी (आवाज टिपणाऱ्या यंत्रांनी) ती पाण्यातले आवाज ऐकायची, त्यांचा अर्थ लावायची आणि विचारले तर बोलायचीही.

"शिंपलीकडून आधी धोक्याचा सूर आला," कर्णिका म्हणाली. "त्याचा अर्थ, आम्हाला वर येता येत नाही. मग ही संख्या आली. बाराही सूर मला स्पष्ट ऐकू आले, पण संख्या चुकीची आहे. मी ती पुन्हा पाठवायला सांगितलं. उत्तर नाही. मी कप्तानांना आणि नानांना बोलावलं आहे."

शिंपली म्हणजे दोन माणसांची छोटी पाणबुडी. ती चालवत होती मृण्मयीची आई, डॉ. शर्वरी तांडेल. तिच्यासोबत प्रवाळांचे अभ्यासक इम्रान सोलकर होते. सकाळी निघताना आईने नेहमीप्रमाणे मृण्मयीच्या डोक्यावर टपली मारली होती आणि झाकण लावून घेतले होते.

विजयदुर्गच्या पश्चिमेला, किनाऱ्यापासून शंभराहून अधिक किलोमीटर आत, समुद्राखाली एक मोठे पठार आहे. त्याचे नाव आंग्रिया. त्याच्या माथ्यावर पाणी उथळ आहे आणि तिथे प्रवाळांची वस्ती आहे. पठाराच्या कडेला मात्र तळ एकदम खाली उतरत जातो. या कडेवरचे प्रवाळ वाढत्या उष्णतेतही कसे तगून राहिले, हे शोधायला समुद्रिका तिथे आली होती. सुट्टीच्या दिवसांत शास्त्रज्ञांच्या मुलांना एका फेरीला सोबत यायची परवानगी असे. म्हणून बारा वर्षांची मृण्मयी जहाजावर होती. तिच्या आईचे वडील, नाना आजगावकर, हेही होते. शिंपलीची संदेशयंत्रणा त्यांनीच बनवली होती.

नाना आत आले. त्यांनी चष्मा लावून संख्या वाचली, मग पुन्हा एकदा वाचली. पाठोपाठ कप्तान मयेकर आले.

"पुन्हा का पाठवत नाहीत?" मयेकरांनी विचारले.

"वीज कमी पडली असणार," नाना म्हणाले. "आमचा नियमच तसा आहे. बॅटरी उतरली की संदेश एकदाच पाठवायचा आणि उरलेली वीज हवा शुद्ध करायला ठेवायची. शर्वरी नियम मोडणार नाही."

"हवा किती पुरेल?"

"उद्यापर्यंत."

मयेकर खिडकीपाशी गेले. नैर्ऋत्येकडून लांबच लांब लाटा येऊ लागल्या होत्या. हवामानाच्या अंदाजाप्रमाणे दुपारनंतर समुद्र खवळणार होता आणि दोन-तीन दिवस तसाच राहणार होता. जहाजावर खेकडा नावाचा एक यंत्रमानव होता. जाड केबलला बांधून त्याला तळापर्यंत सोडता येई. त्याच्या पुढच्या दोन हातांना कात्र्या आणि पकडी होत्या. पण समुद्र खवळला की त्याला पाण्यात उतरवणे अशक्य होते.

"खेकड्याला सोडायचं, खाली शोधायचं, वर घ्यायचं, यात अर्धा दिवस जातो," मयेकर म्हणाले. "म्हणजे आज आपल्याला एकच जागा निवडता येईल. जागा चुकली तर दुसरी संधी नाही."

मृण्मयीने हे ऐकले. रडू येईल असे तिला वाटले होते, पण आले नाही. ती उठून नानांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

आता ही बारा अंकी संख्या आली कशासाठी, ते समजून घ्यायला हवे. समुद्राच्या पाण्यात रेडिओलहरी फार दूर जात नाहीत. आवाज मात्र खूप दूर जातो. म्हणून शिंपली आवाजाने बोलायची. शून्य ते नऊ या दहा अंकांसाठी दहा वेगवेगळे सूर ठरवले होते. एका संदेशात बारा सूर, म्हणजे बारा अंक. आपण मोठी संख्या लिहिताना हजार, लाख, कोटी असे स्वल्पविराम देतो. त्या हिशेबाने ही संख्या अडतीस हजार सहाशे चौसष्ट कोटी, अकरा लाख, सतरा हजार, दोनशे बासष्ट होईल. पण शिंपलीची संख्या वाचायची रीत निराळी होती. तिचे तीन-तीन अंकांचे चार गट करायचे.

३८६ – ६४१ – ११७ – २६२

पाहणीच्या जागेच्या एका कोपऱ्यावर एक बोया (पाण्यावर तरंगणारी खूण) होता. पहिला गट म्हणजे बोयापासून पूर्वेला किती टप्पे. दुसरा म्हणजे उत्तरेला किती टप्पे. एक टप्पा दहा मीटरचा. तिसरा गट म्हणजे पाण्याची खोली, मीटरमध्ये. आणि चौथ्या गटात काहीच माहिती नसायची. तो पहिल्या तीन गटांवर लक्ष ठेवायचा. नाना त्याला राखणदार म्हणत.

मयेकरांनी पडद्यावर समुद्रतळाचा नकाशा उघडला आणि एका जागी बोट ठेवले.

"पूर्वेला ३८६, उत्तरेला ६४१. ती जागा ही. पण इथे पाणी चाळीस मीटर आहे आणि संदेश म्हणतो एकशे सतरा. म्हणजे खोलीचा आकडा चुकून आला. जागा बरोबर आहे. मी जहाज उत्तरेला नेतो."

"थांबा," नाना म्हणाले. "खोलीच चुकली हे कशावरून?"

"मग काय चुकलं, नाना?"

नानांनी दोन बोटांनी डोळे चोळले. "मला माहीत नाही. राखणदार एवढंच सांगतो, की कुठेतरी चूक आहे. कुठे आहे ते तो सांगत नाही. चूक दिसली की पुन्हा पाठवायला सांगायचं, असंच मी धरून चाललो होतो. पुन्हा पाठवताच येणार नाही, हा विचार मी केला नव्हता."

मृण्मयीने कागद ओढला आणि चारही गट लिहून काढले. राखणदाराचा नियम तिला येत होता. जहाज बंदरातून निघाले तेव्हा नानांनी तो तिला एका खेळातून शिकवला होता.

"तीन अंकांची कुठलीही संख्या घे आणि ती दोनदा लिही," ते म्हणाले होते.

मृण्मयीने लिहिले होते, ५२४५२४.

"आता हिला सातने भाग. मग जे येईल त्याला अकराने. मग जे येईल त्याला तेराने."

सातने भागून ७४९३२ आले. अकराने भागून ६८१२. तेराने भागून ५२४. तिचीच संख्या परत आली होती आणि बाकी (भागाकारानंतर उरणारी संख्या) एकदाही उरली नव्हती. तिने आणखी दोन संख्या घेऊन पाहिल्या. प्रत्येक वेळी तेच झाले.

"यात जादू नाही," नाना म्हणाले होते. "सात, अकरा आणि तेरा यांचा गुणाकार कर."

तो आला १००१. सात, अकरा आणि तेरा हे १००१ चे अवयव (ज्यांचा गुणाकार केला की ती संख्या मिळते असे आकडे). आणि ५२४५२४ म्हणजे ५२४ हजार अधिक ५२४, म्हणजेच १००१ वेळा ५२४. त्या तिघांनी भागल्यावर ५२४ च उरणार.

"आता खरी गंमत पुढे आहे," नाना म्हणाले होते. "हजाराला १००१ ने भागायला गेलीस तर काय होईल?"

"भाग जाणार नाही. एक कमी पडेल."

"मग ११७ हजारांना?"

"११७ कमी पडतील."

"बरोबर. आता हजार वेळा हजार, म्हणजे दहा लाख. १००१ ची ९९९ पट केली की ९,९९,९९९ होतात. दहा लाख व्हायला आणखी किती हवेत?"

"एक. म्हणजे दहा लाखात एक जास्त आहे."

"आणि त्याच्याही हजारपटीला पुन्हा एक कमी पडतो. कमी, जास्त, कमी, जास्त, असं एकाआड एक चालतं. म्हणून कितीही मोठी संख्या असू दे, तिला १००१ ने भाग जातो का, हे पाहायला भागाकार करावा लागत नाही. उजवीकडून तीन-तीनचे गट कर. पहिला मिळव, दुसरा वजा कर, तिसरा मिळव, चौथा वजा कर. शून्य आलं किंवा १००१ च्या पटीतली संख्या आली, तर भाग जातो."

शिंपली संदेश पाठवताना शेवटचा गट असा निवडायची, की सगळ्या बारा अंकी संख्येला १००१ ने नेमका भाग जावा. वाटेत एखादा अंक बदलला तर भाग जाणार नाही आणि कर्णिका संख्या नाकारेल. नियम तो एवढाच.

मृण्मयीने कागदावर तो हिशेब मांडला.

२६२ – ११७ + ६४१ – ३८६

तिने तो दोनदा केला. दोन्ही वेळा ४०० आले.

"नाना," ती म्हणाली, "बाकी चारशे येते."

"येऊ दे. शून्य नाही ना, मग चूक आहेच."

"पण चारशेच कशी? इतकी गोल?"

नाना नकाशाकडे पाहत होते. त्यांनी मान वळवली.

"चूक कुठलीही असती तर बाकी चारशे सदतीस, दोनशे एकोणऐंशी असं काहीही आलं असतं," मृण्मयी म्हणाली. "ही नुसती चार आणि दोन शून्यं. म्हणजे एकाच जागी चारचा फरक पडलाय. शतकाच्या जागी."

नानांनी खुर्ची ओढली आणि तिच्या शेजारी बसले. "पुढे बोल."

"पुढे मला माहीत नाही."

"माहीत आहे. एकच अंक बदलला असं धर. कुठल्या गटातला?"

मृण्मयीने चारही गटांकडे पाहिले. प्रत्येक गटाला शतकाचा अंक होता. तीन, सहा, एक आणि दोन. "चारांपैकी कुठलाही असेल."

"मग चौघांचीही झडती घेऊ," नाना म्हणाले. "मयेकर, इंजिन चालू ठेवा, पण अजून वळू नका. थोडा वेळ द्या."

मयेकरांनी घड्याळाकडे पाहिले आणि मान हलवली. ते तिथेच टेबलापाशी थांबले.

मृण्मयी उजवीकडून निघाली. "राखणदार मिळवायचा गट आहे. बाकी चारशे जास्त आहे, म्हणजे राखणदार चुकला असेल तर तो चारशेने कमी हवा. पण तो दोनशे बासष्ट आहे. दोनातून चार जात नाहीत."

"म्हणजे?"

"राखणदार चुकलेला नाही."

"हे महत्त्वाचं आहे," नाना मयेकरांना म्हणाले. "राखणदार बरोबर आहे, म्हणजे चूक आपल्याला हव्या असलेल्या माहितीतच आहे. पुढचा गट?"

"खोली. हा वजा करायचा गट आहे. वजा होणारी संख्या वाढली की बाकी कमी होते. तेव्हा खोली चारशेने जास्त हवी." तिने बेरीज लिहिली. "पाचशे सतरा."

मयेकर टेबलावर पुढे वाकले. "किती म्हणालीस?"

"पाचशे सतरा मीटर. काका, तुम्ही म्हणालात की फक्त खोली चुकली. ती चुकली असेल तर खरी खोली पाचशे सतराच असायला हवी. चाळीस असू शकत नाही. चाळीस घेतली तर हिशेब जुळत नाही."

मयेकरांनी कागद स्वतःकडे फिरवला आणि पेन्सिल घेऊन ११७ च्या जागी ४० लिहून सगळी बेरीज-वजाबाकी करून पाहिली. बाकी आली ४७७.

"खरंय," ते म्हणाले. "आणि शिंपली तीनशेच्या खाली जाऊच शकत नाही. आपल्या नकाशात पाचशे मीटरची जागाही नाही. म्हणजे खोली बरोबर आली. एकशे सतरा."

"एकशे सतरा," नाना म्हणाले. "राहिले दोन."

उत्तरेचा आकडा मिळवायच्या गटात होता. तो चुकला असेल तर चारशेने कमी हवा, म्हणजे २४१. पूर्वेचा आकडा वजा करायच्या गटात होता. तो चुकला असेल तर चारशेने जास्त हवा, म्हणजे ७८६. मृण्मयीने दोन्ही जागा कागदावर लिहिल्या आणि कर्णिकेला नकाशावर दाखवायला सांगितल्या.

"पूर्वेला ७८६, उत्तरेला ६४१," कर्णिका म्हणाली. "नकाशातली खोली अडतीस मीटर."

"आणि दुसरी?"

"पूर्वेला ३८६, उत्तरेला २४१. ही जागा पठाराच्या कडेच्या उतारावर आहे. नकाशातली खोली एकशे पंधरा ते एकशे वीस मीटर."

नानांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला आणि पुन्हा लावला.

मयेकरांनी शिंपलीचा त्याआधीचा संदेश काढला. तेव्हा शिंपली उत्तरेकडची जागा आणि ही दक्षिणेकडची जागा यांच्या साधारण मधोमध होती. दोन्हीकडे जायला तिला वेळ होता. ७८६ ची जागा मात्र इतकी लांब होती की शिंपली तिथवर पोचूच शकली नसती.

"तुमची खात्री किती, नाना?" त्यांनी विचारले. त्यांचा आवाज शांत होता. "मला स्पष्ट सांगा. मी दक्षिणेला गेलो आणि ते उत्तरेला असले, तर आज काही करता येणार नाही."

"दोन शंका आहेत, त्या सांगतो," नाना म्हणाले. "एक. चारशे जास्त म्हणजेच सहाशे एक कमी, कारण दोन्ही मिळून १००१ होतात. पण एक अंक बदलून सहाशे एकचा फरक पडत नाही. त्याला किमान दोन अंक बदलावे लागतात. दोन. एकाऐवजी दोन अंक बदलले असतील तर हा सगळा तर्क कोसळतो. पण दोन अंक वाटेल तसे बदलले, तरी बाकी इतकी स्वच्छ यावी आणि दुरुस्त केलेली जागा नकाशातल्या खोलीशी तंतोतंत जुळावी, हे फार विरळा होईल. गणिताने मला चार जागा दिल्या. त्यातल्या तीन गणिताने आणि नकाशाने मिळून खोडल्या. चौथी उरली." त्यांनी थोडा श्वास घेतला. "खाली माझी मुलगी आहे, मयेकर. मी दक्षिणेला जाईन."

मयेकरांनी मृण्मयीकडे पाहिले. "आणि तू?"

"मीही," ती म्हणाली.

मयेकर वर गेले. थोड्याच वेळात जहाज वळल्याचे जाणवले. टेबलावरची पोह्यांची बशी हळूहळू कडेकडे सरकू लागली आणि नानांनी ती हाताने थांबवली.

"खाऊन घे," ते म्हणाले.

"नको वाटतंय."

"मलाही. अर्धं तू खा, अर्धं मी खातो."

पोहे गार झाले होते. दोघांनी ते संपवले.

त्या जागेवर पोचल्यावर मयेकरांनी सोनार (आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकणारे यंत्र) चालू केले. खडकाळ उतारावरून इतके प्रतिध्वनी येत होते की पडद्यावर नुसते ठिपकेच ठिपके दिसत होते. त्यातला पाणबुडीचा ठिपका कुठला, हे कर्णिकेलाही सांगता येईना. लाटा वाढत होत्या. मयेकरांनी आणखी वाट न पाहता खेकड्याला पाण्यात सोडले.

केबल उलगडत राहिली. खेकड्याच्या डोळ्यांतून येणारे चित्र आधी निळे होते, मग गडद निळे झाले, मग काळे. दिव्यांच्या उजेडात फक्त पाण्यातले बारीक कण खालून वर जाताना दिसत होते. मृण्मयी पडद्यासमोरून हलली नाही. तिच्या मनात एकच विचार येत होता. दोन अंक चुकले असले तर? तिने तो कुणाला सांगितला नाही.

"तळ," कर्णिका म्हणाली. "एकशे सोळा मीटर."

खेकडा उताराच्या बाजूने चालू लागला. खडक, वाळू, पंख्यासारखे पसरलेले प्रवाळ, पुन्हा खडक. बराच वेळ दुसरे काही दिसले नाही. मग उजेडात काहीतरी हिरवे चमकले.

"जाळं आहे," नाना म्हणाले.

ते नायलॉनचे मासेमारीचे जाळे होते, कधीतरी तुटून वाहत आलेले आणि खडकाला अडकून बसलेले. भिंतीसारखे ते पाण्यात उभे होते. खेकडा त्याच्या कडेने पुढे गेला. जाळ्याच्या पलीकडच्या टोकाला, त्याच्या घड्यांत पुरती गुरफटलेली, शिंपली होती. तिच्या काचेतून मंद पिवळा उजेड दिसत होता. आतून एक हात वर आला आणि काचेवर टेकला.

मृण्मयीने नानांचा दंड घट्ट धरला.

खेकड्याने कात्रीने जाळे कापायला सुरुवात केली. ते काम किचकट होते, कारण शिंपलीच्या पंख्याच्या पात्यांत जाळ्याचे दोर गुंडाळले गेले होते आणि ते एकेक करून तोडावे लागत होते. वर लाटांवर जहाज डोलायला लागले तशी केबल ताणली जाऊ लागली. मयेकर जहाज जागच्या जागी धरून होते. अखेर शेवटचा दोर सुटला आणि शिंपली हळूच एका बाजूला झुकली. आईने आतून वजने सोडून दिली असणार, कारण ती सरळ झाली आणि वर उठू लागली.

दोघांना जहाजावर घेतले तेव्हा पाण्यावर पांढरा फेस उठू लागला होता. इम्रान सोलकरांचे ओठ थंडीने निळे पडले होते आणि ते हसत होते. आईने मृण्मयीला जवळ घेतले. तिचे कपडे ओलसर होते आणि हात बर्फासारखे गार होते.

नंतर ऐकण्याच्या खोलीत ब्लँकेट गुंडाळून चहा पिताना आई म्हणाली, "मी संख्या पाठवली तेव्हा आमच्याभोवती डॉल्फिन शिट्ट्या मारत होते. एखादा सूर त्यांच्यामुळे बिघडेल असं मला वाटलं होतं. पण पुन्हा पाठवायला वीज नव्हती. तुम्हाला जागा बरोबर मिळाली म्हणजे बिघडला नसावा."

"बिघडला होता," मृण्मयी म्हणाली. "तुझ्या दोनाचा सहा झाला."

आईने कप खाली ठेवला. मृण्मयीने तिला कागद दाखवला. चार गट, चारशेची बाकी, चार संशयित, आणि एकेकाला कसे खोडले ते. आईने शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"नाना म्हणायचे, राखणदार फक्त चूक झाल्याचं सांगतो," ती म्हणाली.

"माझी समजूत अपुरी होती," नाना म्हणाले. "तो कुठे आणि केवढी हेही सांगत होता, अर्धंमुर्धं. मी विचारलंच नव्हतं."

तेवढ्यात कर्णिका बोलली. "मला एक विचारायचं आहे. मी ती संख्या नाकारली. तुम्ही तीच संख्या वापरली. चुकीच्या संख्येचा उपयोग कसा करायचा, हे मला शिकवाल का?"

"शिकवते," मृण्मयी म्हणाली. तिने पहिल्यापासून सांगितले. ५२४५२४ पासून. कर्णिकेला एवढ्या सावकाश सांगायची गरज नव्हती, पण तिने मधे घाई केली नाही.

"समजलं," शेवटी कर्णिका म्हणाली. "पण यात नकाशाची मदत लागली. ज्या समुद्राचा नकाशाच नाही, तिथे काय करायचं? आणि दोन अंक चुकले तर?"

मृण्मयीने नानांकडे पाहिले.

"प्रश्न बरोबर आहे," नाना म्हणाले. "१००१ मध्ये एक उणीव आहे. तिला शंभराची जागा आणि लाखाची जागा सारखीच दिसते, फक्त उलटी. एकात जास्त, दुसऱ्यात तेवढंच कमी. म्हणून चार संशयित आले. जिला बाराही जागा वेगवेगळ्या दिसतील आणि कुठल्याही जागचा कुठलाही बदल निराळा ओळखू येईल, अशी संख्या घेतली तर संशयित एकच उरेल. मग नकाशा नको. राखणदाराचा गट थोडा मोठा करावा लागेल, इतकंच. दोन चुकांसाठी आणखी जास्त राखणदार लागतात. दूर अंतराळात गेलेली यानं असल्याच राखणदारांच्या भरवशावर पृथ्वीशी बोलतात. त्यांचे शब्द वाटेत बिघडतात आणि इथे आल्यावर दुरुस्त होतात."

"मग ती संख्या कुठली?" मृण्मयीने विचारले. "एका चुकीपुरती."

"अशा पुष्कळ आहेत. पण मी सांगणार नाही."

"का?"

"तूच शोध. मी सांगितली तर तुला फक्त संख्या मिळेल. ती कशी शोधायची, हे नाही मिळणार."

आई बाकावर आडवी झाली होती आणि तिचे डोळे मिटू लागले होते. बाहेर लाटा जहाजाला हेलकावे देत होत्या आणि समुद्रिका किनाऱ्याच्या दिशेने निघाली होती. मृण्मयीने कोरा कागद घेतला.

"कर्णिका, मी एक संख्या घेते आणि दहा, शंभर, हजार यांना तिने भागून काय उरतं ते लिहिते. तू माझा हिशेब तपासत जा. पण उत्तर आधी सांगायचं नाही."

"नाही सांगणार," कर्णिका म्हणाली. "कुठून सुरुवात करायची?"

मृण्मयीने थोडा विचार केला. सम संख्या आधीच बाजूला ठेवता येतील, हे तिच्या लक्षात आले होते. हजाराच्या पुढच्या जागांना दोनाने, चाराने, आठाने भाग गेला की त्यांतला फरक पुसला जाणार.

"एक हजार तीनपासून," ती म्हणाली, आणि तिने पहिला भागाकार मांडला.